बांधीतल्या धानानं जग तापतं का?

प्रश्न : माझी आसगावला (ता. पवनी, जि. भंडारा) चार एकर धानाची शेती आहे. मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणते, धानाच्या बांधीतून गॅस निघतो आणि त्यानं पृथ्वी तापते. कारखाने, मोटारी, विमानं एवढं सगळं सोडून शास्त्रज्ञांना आमची बांधीच दिसली का? हे खूळ निघालं कधी? आणि उद्या परदेशात कुठं तरी करार होऊन आमचा धान बंद होणार आहे का?
– एक वाचक, आसगाव

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत. बांधीतून खरंच वायू निघतो का, निघत असेल तर दोष केवढा, आणि त्यापायी तुमच्या शेतीला कुणी हात लावू शकतं का. पहिल्या शंकेपुरतं मुलीचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमचा रागही अगदीच अनाठायी नाही. १९९०-९१ च्या सुमारास हाच राग दिल्लीतल्या काही अभ्यासकांना आला होता, आणि त्यांनी पुढं जे केलं त्यात तुमच्या दुसऱ्या शंकेचं बरंचसं उत्तर आहे.

आधी वायूचं पाहू. चिखलणी करून आपण बांधीत पाणी धरतो. पाण्याखालच्या मातीपर्यंत हवेतला प्राणवायू जवळजवळ पोचत नाही. त्या मातीत गेल्या हंगामाची धसकटं, मुळं, शेणखत, पालापाचोळा असतो. प्राणवायू मिळाला असता तर हे सगळं कुजून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला असता. तो मिळत नाही, म्हणून ज्यांना प्राणवायू मुळीच चालत नाही असे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यांच्याकडून मिथेन तयार होतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. युरिया टाकल्यावर नाकाला झोंबतो तो अमोनिया. त्याचा इथं संबंध नाही.

बरेच शेतकरी म्हणतात, पाण्यात बुडबुडे तर दिसत नाहीत, मग गॅस कुठून निघतो? तो निघतो धानाच्या रोपातून. पाण्यात उभं राहणाऱ्या या पिकाच्या देठात हवेच्या पोकळ वाटा असतात, मुळांना प्राणवायू मिळावा म्हणून. त्याच वाटेनं खालचा मिथेन वर येतो. बांधीतून बाहेर पडणाऱ्या मिथेनचा मोठा भाग, नव्वद टक्क्यांपर्यंत, असा गुपचूप रोपातून जातो.

आता ‘खूळ कधी निघालं’ ते. मिथेनची ओळख फार जुनी आहे. इटलीच्या व्होल्टानं १७७६ मध्ये माज्योरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठी खुपसून वर आलेला वायू गोळा केला आणि तो जळतो हे दाखवलं. फ्रान्सच्या फुरिएनं १८२४ मध्ये वेगळाच विचार मांडला: सूर्याची उष्णता हवेतून आत सहज येते, पण जमिनीनं परत फेकलेली उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही. ही अडवणूक नेमकी कोण करतं, हे पुढं प्रयोगांनी शोधलं. अमेरिकेत यूनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. त्यांचा निबंध सभेत वाचला मात्र दुसऱ्या एका पुरुष शास्त्रज्ञानं, आणि नंतर सव्वाशे-दीडशे वर्षं बाईंचं नावही कुणाला आठवलं नाही. लंडनच्या जॉन टिंडलनं १८५९ पासून उपकरण बनवून वायूंची उष्णता अडवण्याची ताकद मोजली. त्यानं तपासलेल्या वायूंत दलदलीतला हा मिथेनही होता. म्हणजे मिथेन उष्णता अडवतो ही गोष्ट मोटारी आणि विमानं निघण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. तुमच्या बांधीवर नजर ठेवून कुणी ती शोधलेली नाही.

पुढची शंभर वर्षं सगळ्यांचं लक्ष कोळशावर होतं, आणि ते योग्यच होतं. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचा अंदाज साधारण तीन अंशांचा आहे. कागद-पेन्सिलीच्या मानानं गडी फार चुकला नाही. थंड देशात राहणारा असल्यानं त्याला ही वाढ बरी वाटली, ते सोडा. १९३८ मध्ये कॅलेंडर नावाच्या इंग्रज अभियंत्यानं जुन्या नोंदी जुळवून पृथ्वी तापू लागल्याचं दाखवलं, तेव्हा बहुतेकांनी कानाडोळा केला. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगनं हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडची रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ होता, आता ४२० च्या वर गेला आहे. तेव्हापासून वाद ‘वाढतोय का’ यावर राहिला नाही.

इतर वायूंची पाळी १९७० नंतर आली. चेन्नईकडून अमेरिकेत गेलेल्या वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्ये दाखवलं की त्या काळी फ्रीजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूही उष्णता अडवतात. पुढच्याच वर्षी मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचा हिशोब मांडला गेला. (इथं एक गैरसमज दूर करून टाकू. ओझोनच्या थराला पडलेलं ‘भोक’ आणि पृथ्वीचं तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते भोक बुजवण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, तो बऱ्यापैकी यशस्वी झाला, आणि त्यात धानाचा काही संबंध नाही.) मिथेन येतो कुठून याचा शोध घेताना लोक दलदली, गुरं, कोळशाच्या खाणी, तेलविहिरी करत करत धानाच्या शेतापर्यंत पोचले. १९८० नंतर कॅलिफोर्निया, स्पेन आणि इटलीतल्या शेतांत पहिल्या मोजण्या झाल्या. या ठिकाणांची नावं लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

१९८८ चं वर्ष तुमच्या तालुक्याला वेगळ्या कारणानं आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. त्याच जूनमध्ये जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञानं अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली की पृथ्वीचं तापणं सुरू झालेलं आहे, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून आयपीसीसी स्थापन केली. ही आयपीसीसी स्वतः प्रयोग करत नाही आणि कायदेही करत नाही. जगभरचं प्रसिद्ध झालेलं संशोधन तपासून त्याचा निचोड सरकारांपुढं ठेवणं एवढंच तिचं काम. १९९० च्या पहिल्या अहवालात तिनं जगातल्या सगळ्या धानशेतीतून वर्षाला सुमारे ११ कोटी टन मिथेन निघत असल्याचा अंदाज दिला. त्याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशोबात एकट्या भारताच्या धानाच्या नावावर ३ कोटी ७८ लाख टन लागले.

हा आकडा आला कसा? इटली-स्पेनसारख्या ठिकाणी एका चौरस मीटरमागं जेवढा मिथेन मोजला गेला, त्याला भारताच्या धानाखालच्या क्षेत्रानं गुणलं, झालं. भागाकार करून पाहिला की गंमत कळते. तेव्हा देशात सुमारे ४ कोटी २० लाख हेक्टरांवर धान होतं. म्हणजे हेक्टरी जवळजवळ ९०० किलो मिथेन. आणि त्या वेळी आपलं तांदळाचं सरासरी उत्पादनच हेक्टरी पावणेदोन टनांच्या आसपास होतं. जेवढा तांदूळ घरी येतो त्याच्या निम्म्या वजनाचा वायू बांधीतून उडून जातो, असं त्या आकड्याचं म्हणणं होतं!

वेळही अशी की जागतिक हवामान कराराच्या वाटाघाटी १९९१ च्या फेब्रुवारीत सुरू होणार होत्या. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं तापमानवाढीला जबाबदार देशांची यादी काढली, त्यात भारत पाचवा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एक पुस्तिका काढून या यादीची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा असा: पोटासाठी पिकवलेल्या धानाचा मिथेन आणि चैनीसाठी पळवलेल्या मोटारीचा धूर एका तागडीत घालता येणार नाही, आणि हिशोब करायचाच तर माणशी करा. तुमच्या पत्रातला सवाल त्यांनीच आधी विचारला होता म्हणा ना.

पण नुसत्या रागानं आकडा खोटा ठरत नाही. तो खोडायला मोजावं लागतं. ते काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं केलं. तिथल्या अशेषप्रसाद मित्रा यांचं उभं आयुष्य आयनोस्फिअरच्या, म्हणजे फार उंचावरच्या हवेच्या अभ्यासात गेलेलं. ते आता चिखलातल्या हवेकडे वळले. त्यांच्या पुढाकारानं १९९१ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या धानशेतांत मोजणीची मोहीम झाली. पद्धत साधी, पण कंटाळवाणी. रोपांवर पारदर्शक पेटी उलटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढायची, त्यात मिथेन किती वाढला ते यंत्रावर तपासायचं, आणि हे पीक उभं असेपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहायचं. उत्तर आलं वर्षाला सुमारे ४० लाख टन. अमेरिकी आकड्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढं.

एवढा फरक पडण्याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. तिकडच्या त्या शेतांत पेरणीपासून कापणीच्या तोंडापर्यंत पाणी भरून ठेवलेलं, आणि मातीत सेंद्रिय कार्बन भरपूर. आपल्याकडे तेव्हा निम्म्याहून जास्त धान पावसाच्या भरवशावर. चार दिवस झड लागते, मग आठ दिवस ऊन पडतं, बांधी भेगाळायला येते, तोवर पुन्हा पाऊस. बांधी सुकली की मातीत प्राणवायू शिरतो आणि मिथेन बनवणारे जीव गप्प होतात. परत पाणी भरलं तरी त्यांना जोर धरायला दिवस लागतात. शिवाय डोंगरउतारावर पाणी न साचता होणारा धान वेगळाच. त्यातून तर मिथेन जवळजवळ निघतच नाही.

मोजण्या वाढत गेल्या तसे जगाचेही आकडे खाली आले. आयपीसीसीनं स्वतः १९९२ मध्ये धानाचा अंदाज ११ कोटींवरून ६ कोटी टनांवर आणला. भारत सरकारनं २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना पहिला अधिकृत हिशोब दिला, त्यात १९९४ सालचा धानाचा मिथेन ४० लाख ९० हजार टन दाखवला आहे. म्हणजे मित्रा यांच्या मोजणीजवळच.

इथं कुणी म्हणेल, चला, सुटलो. तसंही नाही. ४० लाख टनांना त्याच ४ कोटी २० लाख हेक्टरांनी भागलं तर एकरी साधारण ३८ किलो होतात. तुमच्या चार एकरांचे दीडशे किलो. एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा तापवतो. म्हणजे सव्वाचार टनांच्या घरात. साधारण १,८०० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा कार्बन डायऑक्साइड निघतो. हा देशाच्या सरासरीचा आकडा, तुमच्या बांधीचा कमी-जास्त असेल. पण तो शून्य नाही हे उघड आहे. जगभरात माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनमध्ये धानाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. गुरं आणि कोळसा-तेल-वायूचा धंदा या दोघांचे वाटे त्याच्या कितीतरी पट. भारताच्या एकूण हिशोबात, २०१६ च्या आकड्यांनुसार, शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के. त्यातला निम्म्याहून अधिक गुरांच्या रवंथाचा, आणि धानाचा साधारण सहावा हिस्सा. (धानाचं तणस बैलापुढं टाकलं तर तो हिशोब गुरांच्या खात्यात जातो, एवढंच.)

मग पेट्रोलचे सव्वाचार टन आणि धानाचे सव्वाचार टन सारखेच का? इथं मोठी गोम आहे. मिथेन हवेत साधारण दहा-बारा वर्षं टिकतो, मग त्याचं रासायनिक विघटन होतं. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शेकडो वर्षं राहतो. ज्या बोडीचं तूड, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कायम उघडं आहे तिच्यात रोज सारखंच पाणी येत राहिलं, तर पातळी एका जागी स्थिर होते. आवक वाढली तरच ती चढते. मिथेनचं असं आहे. तूडच नसलेल्या बोडीत मात्र रोज थोडं पाणी आलं तरी पातळी चढतच जाते. कोळसा-पेट्रोलच्या कार्बन डायऑक्साइडचं तसं. म्हणून तुमच्या आजोबांच्या काळापासून तेवढ्याच क्षेत्रात चालत आलेल्या पावसाळी धानानं हवेतल्या मिथेनची पातळी धरून ठेवली आहे, पण दरवर्षी नव्यानं तापमान चढवलं असं म्हणता येणार नाही. उन्हाळी धानाची गोष्ट वेगळी. ती नवी आवक आहे. पंपाचं किंवा कालव्याचं पाणी, भर उन्हाची उष्ण माती आणि बांधी सतत भरलेली, हे सगळं मिथेनला फार सोयीचं. चौरास भागात उन्हाळी धान वाढेल तसा हा आकडाही वाढेल, हे मान्य करायला हवं.

उलट बाजूही सांगतो. आवक कमी केली तर मिथेनची पातळी दहा-वीस वर्षांत उतरते, कार्बन डायऑक्साइडची उतरत नाही. आतापर्यंतच्या तापमानवाढीत मिथेनचा हात अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. श्रीमंत देशांचं त्याच्याकडे लक्ष जातं ते या चटकन मिळणाऱ्या फळामुळे, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या मोटारींपेक्षा दुसऱ्याची बांधी सुधारणं सोपं वाटतं, या कारणानंही.

आता कराराची भीती. १९९२ च्या रिओ परिषदेत जो मूळ हवामान करार झाला, त्यात जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व लिहिलेलं आहे. अन्नधान्याच्या उत्पादनाला धोका पोचू नये, हे तर कराराच्या उद्दिष्टातच आहे. १९९७ च्या क्योटो करारानं प्रदूषण घटवण्याचं बंधन फक्त विकसित देशांवर घातलं; अमेरिकेनं तर तो करार कधी मंजूरच केला नाही. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशानं आपापलं वचन स्वतः द्यायचं ठरलं. भारतानं दिलेलं वचन असं की २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवू. त्यात अमुक क्षेत्रानं इतकं घटवलंच पाहिजे असं बंधन नाही, शेतीवर तर नाहीच. २०२१ मध्ये ग्लासगोला शंभरावर देशांनी मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याची वेगळी शपथ घेतली, तीत भारत सामील झाला नाही. गुरं आणि धान ही आपल्याकडे लहान शेतकऱ्याची पोटापाण्याची साधनं आहेत, हेच सरकारचं कारण. तेव्हा धान बंद पाडणारा कुठलाही करार आज अस्तित्वात नाही, आणि आसगावात कुणी तसं सांगत असेल तर त्याला कराराचं कलम विचारा.

बंदी येणार नाही. सूचना मात्र येतील, आणि त्यातली एक ऐकण्यासारखी आहे. बांधी सतत भरून न ठेवता अधूनमधून सुकू द्यायची. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं त्यासाठी साधी युक्ती काढली. भोकं पाडलेला हातभर प्लास्टिकचा पाइप बांधीत रोवायचा. त्यात पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलेलं दिसलं की पुन्हा पाणी द्यायचं. रोवणीनंतरचे पहिले दोनेक आठवडे तणासाठी आणि फुलोऱ्याच्या वेळी दाण्यासाठी पाणी उभं ठेवायचं. यानं मिथेन तीस ते पन्नास टक्के घटतो, पाणीही वाचतं, उत्पादन सहसा घटत नाही. सुकण्या-भिजण्यात नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण एकूण हिशोब फायद्याचाच राहतो. आवत्या, म्हणजे रोवणी न करता पेरलेल्या धानातही पाणी कमी दिवस उभं राहत असल्यानं मिथेन कमी निघतो; तिथं डोकेदुखी तणाची.

स्वतःचा पंप आणि विहीर असेल तर ही युक्ती जमते. तलावाच्या पाण्यावरच्या शेतकऱ्याला ती सांगणं मला थोडं धाडसाचं वाटतं. पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं, पाळी केव्हा येईल ते आपल्या हातात नसतं. मिळालं तेव्हा भरून ठेवणं हाच तिथं शहाणपणा. पाण्याचा भरवसा आधी द्या, मग सुकवायला सांगा, असं त्या शेतकऱ्यानं म्हटलं तर त्यात चूक काय?

तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ना उद्या हा विषय गावात येईल म्हणून सांगतो. धानाचा मिथेन कमी करा, आम्ही ‘कार्बन क्रेडिट’चे पैसे देतो, असं सांगत काही कंपन्या देशात फिरू लागल्या आहेत. यात पैसा मिळतो तो ‘आधी इतका निघत होता, आता इतका निघतो’ या फरकावर. ‘आधी’चा आकडा फुगवला की फरक आपोआप मोठा दिसतो. १९९० मध्ये फुगलेल्या आकड्यानं शेतकऱ्याला दोषी ठरवलं होतं, इथं तसाच फुगलेला आकडा क्रेडिट विकत घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी विमान उडवत राहण्याचा परवाना देतो. अशी क्रेडिटं प्रमाणित करणाऱ्या व्हेरा या संस्थेनं २०२४ मध्ये चीनमधले धानाचे ३७ प्रकल्प नाकारले, ते उगाच नाही. तेव्हा कागदावर अंगठा उठवण्याआधी करार मराठीत मागा, किती वर्षांचं बंधन आहे ते पाहा, आणि मिथेनची मोजणी कुठल्या शेतात पेटी ठेवून केली आहे ते विचारा. साकोलीला धानाचं संशोधन केंद्र आहे. उत्तर समजलं नाही तर तो कागद तिथं नेऊन दाखवा.